शोषण, पिळवणूक आणि ‘तो तयार होता की’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी मी गोव्यातल्या फोंड्यात कामगारांची कागदपत्रे वाचून देते, अर्ज लिहून देते. त्याआधी एकवीस वर्षे एका कारखान्यात पगारपत्रके केली, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झाले आहे. फोनवर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. निम्मे कामगारांचे, निम्मे मालकांचे. म्हणून एकदाच लिहून ठेवते. उत्तराचा काही भाग दुसरीकडे आला असेल तर त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. शोषण म्हणजे नक्की काय? पगार कमी असला की शोषण झाले का?

नाही. पगार कमी असण्याची कारणे बरीच असतात. धंदाच बेताचा असतो, कामच अर्ध्या दिवसाचे असते. समोरचा अडला आहे हे हेरून त्या अडचणीपोटी मिळणारा जादा फायदा खिशात घालणे, याला मी शोषण म्हणते. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण आपण हरीच्या बाजूने म्हणतो. पाय धरू देण्याबद्दल गाढवाने काय मागून घेतले, ते कुणी विचारत नाही.

पगाराबाहेरचे उदाहरण घ्या. शेजाऱ्याला बायकोच्या ऑपरेशनसाठी संध्याकाळपर्यंत पैसे हवेत. चाळीस हजारांची स्कूटर तुम्ही त्याच्याकडून पंधरा हजारांना घेतली. फसवले नाही, धमकावले नाही, कायदाही मोडला नाही. तरी वाड्यावरचे लोक तोंड वाकडे करतील, आणि ते उगाच नाही. मी अशा वेळी दोन गोष्टी विचारते. या माणसाला दुसरा पर्याय असता तर त्याने हाच सौदा केला असता का? नसता केला, तर मधला फरक कुणाच्या खिशात गेला?

२. मग फसवणूक आणि शोषण एकच का?

एकच नाही. फसवणुकीत माणसाला खरे माहीत नसते. जबरदस्तीत ‘नाही’ म्हटले की मार बसतो. शोषणात सगळे उघड असते, कुणी हातही लावत नाही, माणूस सही करून वर ‘उपकार झाले’ म्हणतो. ते ओळखायला जड जाते ते यामुळेच. प्रत्यक्षात तिन्ही गोष्टी बऱ्याचदा एकाच व्हाउचरवर सापडतात (प्रश्न ६).

३. दोघांनी राजीखुशीने ठरवले आहे. तिसऱ्याने मध्ये का पडायचे?

मालकांकडून सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच.

१९८२च्या आशियाई स्पर्धांसाठी दिल्लीत स्टेडियम आणि उड्डाणपूल उभे राहत होते. मजूर परराज्यांतले, माणसे पुरवणाऱ्या जमादारांनी आणलेले. किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे. त्यातला एक रुपया जमादार दर माणशी दररोज आपल्या दलालीचा म्हणून कापून घेत होता. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. मजुरांना कुणी साखळीने बांधलेले नव्हते, आपल्या पायांनी आले होते. तरी न्यायमूर्ती भगवती यांनी निकालात म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी पैशात कुणी राबत असेल तर तो भुकेच्या, गरिबीच्या रेट्यानेच राबतो आहे असे धरायचे, आणि हा रेटाही बळजबरीच आहे. संविधानाचे कलम २३ वेठबिगारीला बंदी घालते, त्या कलमात हे काम बसते.

आपल्याकडे लोक हे पूर्वीपासून जाणून आहेत. ‘गरजवंताला अक्कल नसते’ असे म्हणतो ना? अक्कल नसते म्हणजे मूर्ख असतो असे नव्हे. अक्कल चालवायला जागाच नसते. ‘तो तयार होता’ हे वाक्य म्हणून मी पूर्ण उत्तर मानत नाही. तयार होता, पण कशापुढे तयार होता, ते सांगा.

किमान वेतनाखाली काम करायला मी राजी आहे, असे कामगाराने स्टँपपेपरवर लिहून दिले तरी त्या कागदाला कायद्यात किंमत नाही.

४. त्यांना गावी याच्या निम्मेही मिळत नाहीत. आम्ही दिले ते जास्तच. मग शोषण कसे?

‘घाटी लोकांना एवढ्यातच परवडते’ हे याचे गोव्यातले रूप. म्हणणाऱ्याला ते हिशेबाचे वाक्य वाटते. पण म्हापशाच्या बाजारात त्या माणसाला बांगडे स्वस्त मिळत नाहीत आणि खोलीचे भाडेही कुणी त्याच्या गावच्या दराने घेत नाही.

आता मुद्द्याचे. त्याचा फायदा झाला हे खरेच आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ अ‍ॅलन वर्थायमर यांनी याचा भरपूर कीस काढला आहे. सौद्यात दोघांचाही फायदा होऊनसुद्धा शोषण होऊ शकते, असे त्यांचे म्हणणे. मला ते अनमोड घाटात पटले. रात्री साडेअकरा, गाडी पंक्चर, स्टेपनी बसलेली. ज्याने पंक्चर काढले त्याने तीन हजार घेतले. रात्रभर घाटात बसण्यापेक्षा तीन हजार परवडलेच, म्हणजे फायदा माझाही झाला. तरी बेळगाव येईपर्यंत मी त्याला शिव्या घातल्या आणि आजही घालते. फायदा झाला म्हणून वाटणी रास्त होत नाही. गावच्या मजुरीशी तुलना केली की उपाशी माणसाला काहीही दिले तरी चालते. तुलना करायची ती याच कामाला, याच ठिकाणी, न अडलेला माणूस किती मागेल त्याच्याशी.

‘मग जो कुणालाच काम देत नाही, तो आमच्यापेक्षा बरा का?’ असे एका गृहस्थांनी चिडून विचारले होते. प्रश्न खरोखर अवघड आहे. माझे मत असे की ज्याच्याशी व्यवहारच नाही, त्याचे आपण वेतन म्हणून काही देणे लागत नाही. पण एकदा त्याच्या घामावर आपला धंदा चालू झाला की लागतो. फक्त हे त्या गृहस्थांना पटले नाही, हेही सांगून टाकते.

५. मी किमान वेतन देते. आता तरी झाले ना?

कायद्याचा पहिला हप्ता झाला. किमान वेतनाला महागाई भत्ता जोडलेला असतो आणि तो बदलत राहतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा आकडा धरून बसू नका. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार जादा तासांचे पैसे दुप्पट दराने द्यायचे असतात आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत.

कपात हा शब्द आला म्हणून सांगते. किनाऱ्याकडच्या एका गेस्ट हाउसच्या पोराने पगाराची चिठ्ठी आणली होती. वरचा आकडा नियमाप्रमाणे. खाली जेवण वजा, खोली वजा, युनिफॉर्मची धुलाई वजा. खोली म्हणजे गच्चीवरची पत्र्याची शेड, आत आठ जण. आठांचे ‘भाडे’ जोडले तर त्या गावात दोन बेडरूमचा फ्लॅट आला असता.

६. सही एका आकड्यावर घेतात, हातात दुसरा देतात. मी सही केली आहे. आता बोलू शकतो का?

बोलू शकता. आणि हे मी जरा अपराधी मनाने लिहिते आहे.

मी होते त्या कारखान्यात पगाराच्या दिवशी माझ्या टेबलावर दोन वह्या असत. मोठी निळी, तपासणीला दाखवायची, तिच्यात पूर्ण पगार आणि महसुली तिकिटावर सही. दुसरी शाळेची दोनशे पानी, तिच्यात खरा आकडा. कंत्राटी बायका रांगेने यायच्या. सही येत नसे त्यांच्या अंगठ्याला मी शाईचा पॅड पुढे करायची. निळी वही त्यांच्याकडे वळवताना माझा तळहात आपोआप रकमेच्या रकान्यावर जाऊन पडायचा. तसे करायला मला कुणी सांगितले नव्हते. एकदा एका बाईने हात बाजूला करून आकडा वाचला, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता अंगठा दिला. पुढच्या महिन्यात ती रांगेत नव्हती.

पैसे मिळाले नाहीत असा दावा केला की ते दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आता कायद्याने मालकावर आहे, आणि दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. सहीमुळे प्रकरण अवघड होते, संपत नाही. हजेरीचे फोटो, ठेकेदाराचे मेसेज, बँकेत जमा झालेली रक्कम, बरोबरच्या दोघांची साक्ष, जे असेल ते जपून ठेवा. पणजीला पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे, अर्ज तिथे.

७. ट्रॉलरवर उचल घेतली आहे. ती फिटेपर्यंत सोडता येत नाही म्हणतात. खरे का?

उचल घेणे-देणे बेकायदा नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ओडिशा-झारखंडकडचे खलाशी गावी जातात, आणि मोसम लागण्याआधी माणसे पक्की करायची म्हणून मालक उचल देतो. त्याला आपली माणसे पळतील ही भीती असते, आणि ती अगदीच खोटी नाही.

पण उचलीच्या बदल्यात कामगाराचे जाणे-येणे, दुसरीकडे काम धरणे किंवा किमान वेतन यांतले काहीही अडवले, तर १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली ती वेठबिगारी होते. मग ते कर्जच रद्द होते, मालकाने ते वसूल करायचे नसते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. साधी उचल असेल तर पैसे परत मागण्याचा हक्क मालकाला आहे. आधार कार्ड काढून घेण्याचा किंवा माणसाला जेटीवर रोखून धरण्याचा नाही. हा फरक दोन्हीकडच्यांना समजावता समजावता माझा घसा बसतो.

८. घरकामाला बाई आहे. ती आमच्या घरचीच आहे. यात शोषण कुठून आले?

‘घरचीच’ हा शब्द कानावर आला की मी सावध होते. गोव्यात याला जुना इतिहास आहे. जुन्या ख्रिस्ती घरांत ‘पोसकें’ असायचे. लहानपणी आणलेले, घरचे नाव लावलेले, कुटुंबाच्या प्रार्थनेत बसणारे आणि पहाटे चूल पेटवणारेही तेच. हिंदू घरांत शब्द वेगळा, पण ‘लांबच्या नात्यातली’ एक मुलगी अशीच असायची. माया खोटी नसायची. पण मायेच्या नावाखाली पगार नसायचा, आणि वाटण्या झाल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला काय आले ते आपल्याला ठाऊक आहे.

आजची परीक्षा सोपी आहे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडतात तिथेच बाईचेही मांडतात. पाहुणे आले म्हणून ती दोन तास जास्त थांबली, ते त्याच चौकोनात कधी लिहिलेत का? मीही सात वर्षे लिहिले नव्हते.

९. भाटकाराने (जमीनमालकाने) आजोबांना राहायला जागा दिली. उपकारच ना ते?

जागा दिली, आणि बदल्यात नारळ पाडणे, राखण, लग्नकार्यात राबणे आपसूक आले. कुठे लिहिलेले नव्हते, कारण लिहायची गरजच नव्हती. घर भाटकाराच्या जमिनीत, तेव्हा ‘नाही’ म्हटले की संध्याकाळी बिऱ्हाड रस्त्यावर. एकाच माणसाच्या हातात तुमचे घर आणि तुमचे काम दोन्ही गेले की सौदा बरोबरीचा राहत नाही, मग भाटकार स्वभावाने कितीही चांगला असो. १९७५च्या मुंडकार कायद्याने नेमकी ही गाठ सोडवली. सेवेची अट असो-नसो, भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीत कायमचे बिऱ्हाड करून राहणाऱ्याला, म्हणजे मुंडकाराला, सहज हुसकता येत नाही, आणि घर विकत घेण्याचा हक्कही मिळाला. चांगल्या भाटकारांनी पुष्कळ केले हे मान्य. पण कृतज्ञता एकीकडे आणि फुकटची राखण दुसरीकडे. हीच गाठ आज कामगार-खोलीच्या रूपाने परत दिसते (प्रश्न ५).

१०. बाजारात घासाघीस करणे हेही शोषण का?

नाही हो. शुक्रवारच्या बाजारात सकाळी नऊला भाजीवाली तुमच्यापेक्षा पक्की असते. दुपारी दोनला, पाऊस भरून आलेला, तिची बस सुटायला आलेली, टोपलीत शेवटच्या चार जुड्या, तेव्हा ‘दहाला सगळ्या दे’ म्हणणाऱ्यांनी प्रश्न १ परत वाचावा.

११. टॅक्सीवाले पावसात, रात्री दुप्पट-तिप्पट मागतात. हे तर उघड शोषण!

नेहमीच नाही. मागणी वाढली की भाडे वाढते, आणि रात्री दोनला झोप मोडून येणाऱ्याने जास्त मागितले तर मला वावगे वाटत नाही. त्याचा मोसम चार-पाच महिन्यांचा, गाडीचा हप्ता बारा महिन्यांचा. पण जिथे दुसरी गाडी येऊच द्यायची नाही आणि मग ‘गाड्या नाहीत, एवढे लागतील’ म्हणायचे, तिथे अडचण देवाने पाठवलेली नसते, ती तयार केलेली असते. पर्यटक श्रीमंत आहे ही सबब पुरत नाही. अडलेला श्रीमंतही अडलेलाच. फक्त त्याच्यासाठी माझा जीव कमी तुटतो, हे कबूल.

१२. मुलगा हॉटेलात ‘ट्रेनी’ आहे. सहा महिने झाले, पैसे नाहीत, शिकायला मिळते म्हणतात.

तो काय शिकतो ते त्यालाच विचारा. पहिल्या महिन्यात आणि सहाव्या महिन्यात तेच ताट पुसत असेल तर ते शिक्षण नव्हे. आणखी एक खूण: तो आजारी पडला तर हॉटेलचे अडते का? अडत असेल तर तो शिकाऊ नाही, कामगार आहे. नोंदणीकृत शिकाऊ उमेदवाराला १९६१च्या कायद्याने विद्यावेतन द्यावेच लागते.

१३. अ‍ॅपवर डिलिव्हरी करतो. मालकच दिसत नाही, मग शोषण कोण करते?

मालक दिसत नाही म्हणून नियम करणारा नाहीसा होत नाही. दर कोण ठरवतो, आयडी कोण बंद करतो? तो. सामाजिक सुरक्षा संहितेत तुमच्यासारख्यांना ‘गिग कामगार’ म्हटले आहे, आणि अ‍ॅप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याण निधीत द्यायची तरतूद आहे. ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंद करून ठेवा. आणि ग्राहकांनो, मुसळधार पावसात मडगावातून सव्वाशेची बिर्याणी मागवली तर पोराला वर बोलावण्याऐवजी खाली उतरा.

१४. आखातातल्या नोकरीसाठी एजंट दोन लाख मागतो. बोटीवरच्या नोकरीसाठीही मागतात. देऊ का?

आखातासाठी नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतात. एजंटचे नाव ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलच्या यादीत तपासा. बोटीवरच्या नोकरीचे वेगळे आहे. तारवटींकडून (जहाजावरच्या खलाशांकडून) भरतीसाठी पैसे घेताच येत नाहीत, परवानाधारक कंपनीने ते जहाज-मालकाकडून घ्यायचे. दोन लाख कर्ज काढून गेलेला माणूस तिथे काहीही सहन करतो, कारण इकडे व्याज चढत असते (प्रश्न ७ची उचलच ही, फक्त विमानाने गेलेली). पासपोर्ट कुणाकडे ठेवायला देऊ नका. १९६७च्या कायद्याने तो भारत सरकारची मालमत्ता आहे.

१५. मार्क्सच्या हिशेबाने सगळा नफाच शोषण. मग हे बारीक भेद कशाला?

मार्क्सचे म्हणणे असे की कामगार आपल्या मजुरीपेक्षा जास्त मूल्य तयार करतो आणि ते वरचे मूल्य मालक ठेवतो, मग मालक सज्जन असो की दुर्जन. मला त्याऐवजी रापण आठवते, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचे मोठे जाळे. किनाऱ्यावर मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. होडीला वाटा नको असे कुणी ओढणारा म्हणत नाही. भांडण होते ते होडीला किती यावर, आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, मासळी वाळूवर असताना होते. कारखान्यात मासळी किती आली तेच कुणाला दाखवत नाहीत.

१६. आमची पावाची छोटी भट्टी आहे. नियमाप्रमाणे पगार दिला तर बंद करावी लागेल.

हा प्रश्न मी टाळत आले आहे. पोदेर (पाववाला) सायकलवरून भोंगा वाजवत आला की आपल्याला गोवा जिवंत असल्यासारखे वाटते. पावाची किंमत एक रुपयाने वाढली की मात्र आपणच ओरडतो. तो रुपया आपण दिला नाही तर भट्टीपुढे पहाटे दोनपासून उभा असलेला परराज्यातला पोरगा देतो. त्यामुळे इथे शोषण करणारा एकटा पोदेर नाही. तरीही, दुसऱ्याला कमी देऊनच चालणारा धंदा चालू ठेवायचा हक्क आहे असे मला म्हणवत नाही. भाव वाढवा, गिऱ्हाइकांना कारण सांगा. काही जातील.

१७. देवळात, नाटकात सेवा म्हणून फुकट काम करतो. तेही शोषण का?

तुम्हाला यंदा ‘जमणार नाही’ म्हणता येते का? येत असेल आणि कुणी त्यावर पैसे करत नसेल, तर नाही. वाड्यावरच्या ठरावीक घरांनीच ठरावीक सेवा करायची असेल, तर प्रश्न ९.

१८. शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांचे हाल दिसतात. पण तेच म्हणतात, तक्रार करू नका. मी परस्पर करू का?

शक्यतो नको. तक्रारीनंतर काम त्याचे जाणार आहे, तुमचे नाही. दोनशे पानी वहीचे (प्रश्न ६) मी कधी बाहेर सांगितले नाही आणि त्याची लाज वाटते, पण रांगेतून गेलेल्या त्या बाईला न विचारता सांगितले असते तर तेही तिच्याच अंगावर आले असते. आधी त्याला त्याचा आकडा कळू द्या. किमान वेतन किती, जादा तासाचे किती, काम सोडले तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब मिळायला हवा. बऱ्याचदा पाच-सहा जण एकत्र येऊन मुकादमाशीच बोलतात आणि तिथेच मिटते.

दोन वेळा मात्र थांबायचे नाही. माणसांना साइटबाहेर जाऊ देत नसतील, कागद काढून घेतले असतील, तर तो वेठबिगारीचा मामला आहे, जिल्हाधिकारी किंवा पोलिसांकडे जा. आणि चौदा वर्षांखालचे मूल काम करताना दिसले तर कुणाची परवानगी विचारू नका. १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकाला फोन करा आणि जागा नीट सांगा: कुठल्या रस्त्याला, कुठल्या इमारतीच्या मागे, मूल कितीच्या सुमारास दिसते.